शाबासकीची टाळी

“हलायचं नाही! काय वाट्टेल ते झालं तरी जागचं हलायचं नाही!”

गळगली बाई व्हरांड्यातून ओरडल्या आणि आम्ही बाराजणी खांबासारख्या ताठ झालो. माझ्या पोटरीवर एक मुंगळा चढत होता. त्याला मनातल्या मनात शिव्या घालत मी विचारलं, “बाई, राजाची मुलगी दाराबाहेर मरायला टेकलीय आणि आम्ही नुसतं बघायचं?”

“वसुधा, तुम्ही गाव आहात. गावाला सगळं दिसतं, सगळं कळतं, पण गाव हलत नाही. तुम्ही फक्त बोलायचं. हं, म्हणा.”

“राजा, आधी विचार, बाहेर कोण आहे,” आम्ही एका सुरात म्हणालो.

“कुणी का असेना!” शालन मगदूम गरजली. ती आमचा राजा होती. “दार उघडणार नाही!”

कडुलिंबावरचे कावळे उडाले. शालनचा आवाजच तसा होता. नववीत ती माझ्याच बाकावर बसायची, उंचीला माझ्यापेक्षा वीतभर जास्त, आणि अभ्यासात आमच्या सगळ्यांच्या पुढे. नाटक बाईंनी स्वतः लिहिलं होतं, पण जुन्या ग्रीक नाटकांच्या धर्तीवर. गावात साथ आलेली असते. वेशीचं दार कुणासाठीही उघडायचं नाही असा राजाचा हुकूम असतो, आणि बाहेर त्याचीच मुलगी अडकलेली असते. रद्दी आणि खळ कालवून बाईंनी मोठमोठे मुखवटे केले होते. सगळ्यांची तोंडं उघडी. ते आमच्या घराच्या मागच्या खोलीत ठेवलेले असायचे, कारण शाळेच्या आवारातच मुख्याध्यापकांचं घर होतं आणि मुख्याध्यापक म्हणजे माझे वडील.

अण्णा तालीम बघायला येऊन उभे राहिलेले आम्हाला कळलंच नव्हतं. पांढरं धोतर, काळा कोट, हातात छत्री. ऊन असो, पाऊस असो, नाहीतर दोन्ही नसोत, छत्री असायचीच.

“बाई, नाटक चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण तात्पर्य काय?”

“तात्पर्य नाही, सर.”

“असं कसं? पंचवीस वर्षं मी परिपाठात बोधकथा सांगतोय. तात्पर्याशिवाय मुलांनी घरी काय न्यायचं?”

“भीती न्यायची,” बाई म्हणाल्या. “या नाटकांत कुणी दुष्ट नसतो, सर. साथ आहे म्हणून दार लावणारा राजा बरोबर असतो. दार उघडा म्हणणारी राणीही बरोबर असते. दोघांचं बरोबर असतं आणि तरी घर मोडतं. ते मुलांनी एकदा लहानपणी बघून ठेवलेलं बरं.”

“नियमाला अपवाद दाखवला की मूल अपवादच तेवढा शिकतं.”

“अपवाद नको, सर. नियम वापरायच्या आधी जरा थांबावं, एवढंच.”

अण्णा हसले. त्यांना बाईंबद्दल आदर होता आणि बाईंना त्यांच्याबद्दल. “मग टाळी कधी वाजवायची तुमच्या नाटकाला?”

“वाजली नाही तर बरं. पडदा पडल्यावर लगेच टाळ्या पडल्या, तर नाटक फसलं असं समजायचं.”

हे अण्णांना पटणं शक्यच नव्हतं. टाळी हा त्यांचा प्राण होता. शनिवारच्या परिपाठाला आमच्या शाळेत सत्यवार म्हणत. प्रार्थना, प्रतिज्ञा झाली की अण्णा विचारायचे, “कुणाला काही खरं सांगायचंय?” मग एखादा पोरगा उभा राहून, मी बाकावर नाव कोरलं, नाहीतर मी शेजारच्याचा डबा खाल्ला, असं सांगायचा. खरं बोलणाऱ्याला शिक्षा नाही, हा अण्णांचा शब्द होता. शिक्षेऐवजी विद्यार्थी-प्रमुख ओरडायचा, “शाबासकी!” आणि सगळी शाळा ठेक्यात टाळी वाजवायची. एक दोन, एक दोन तीन, एक दोन तीन चार, एक दोन! पहिली टाळी अण्णांची असायची.

कुणी हसू नये. मारकुट्या मास्तरांच्या त्या काळात अण्णांच्या शाळेत छडी नव्हती, आणि पोरं खरोखर खरं बोलायची. इतकी, की आयांची पंचाईत व्हायची. पाहुण्यांसमोर “आई, हे लाडू शिळे आहेत ना गं?” असं विचारणारी पोर हमखास आमच्या शाळेची. आमच्या नंदूसारखी. माझी ही धाकटी बहीण तिसरीत होती आणि अण्णांचा शब्द तिच्यासाठी दगडावरची रेघ होता. शाबासकीची टाळी तिला तोवर एकदाही मिळाली नव्हती, कारण बिचारी कधी चुकलीच नव्हती. त्याचं तिला फार वाईट वाटायचं.

त्या फाल्गुनात जिल्ह्याची समिती आमचा सत्यवार बघायला येणार होती. नीतिशिक्षणाची योजना ठरत होती, आणि त्यांना पसंत पडलं तर सत्यवार जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत सुरू होणार होता. अण्णा त्या दिवसांत जमिनीपासून बोटभर वर चालत होते.

आमचं गाव कृष्णाकाठचं, हळदीचं. हळद शिजायला लागली की सगळ्या शिवारात मातकट, कडसर वास भरून राहतो. त्या वासातच गुरुवारी दुपारी शालन आमच्या मागच्या दारी आली. पायात चप्पल नव्हती.

“काकू, मला लपवा,” ती आईला म्हणाली. “आप्पांनी माझं लगीन ठरवलंय. मिरजेचा बिजवर हाय. उद्याचा सोडून पुढल्या शुक्रवारी हळद. मी न्हाई म्हटलं तर मला कोंडून घातलं.”

आईने आधी तिला पाणी दिलं, मग भाकरी. शालन खात असताना आईने चुलीतला जाळ मागे ओढला. मग मला म्हणाली, “जा, गळगली बाईंना बोलावून आण. आणि अण्णांना यातलं अक्षर कळता कामा नये.”

“का? अण्णा काय शालनला परत पाठवणारेत?”

“नाही. पण कुणी विचारलं तर अण्णा खोटं बोलणार नाहीत. त्यांना येतच नाही ते. माहीतच नसेल तर बोलावं तरी लागणार नाही. त्यांच्याच भल्यासाठी म्हणतेय मी.”

शालनची मावशी सोलापूरला दवाखान्यात नर्स होती. जबर बाई, ती एकदा आली की आप्पांची, म्हणजे बापूसाहेब मगदुमांची, बोलती बंद होते, असं शालन म्हणाली. ठरलं असं की बाईंनी शुक्रवारी एसटीने सोलापूरला जायचं, मावशीला घेऊन रविवारी यायचं आणि शालनला तिच्या हवाली करायचं. तोवर शालन मुखवट्यांच्या खोलीत राहील. अण्णा त्या खोलीत कधी जात नसत.

म्हणजे सगळं रविवारपर्यंत तोंड मिटून राहण्यावर होतं. आणि मध्ये शनिवार होता.

नंदूपासून लपवणं शक्य नव्हतं. शालन तिची लाडकी. आईने तिला समोर बसवून देवाची शपथ घातली, “कुणाला सांगायचं नाही हं.” नंदूने मान हलवली. त्या दोन दिवसांत तिनेच शालनला पाणी नेऊन दिलं, तिच्याकडून दोन वेण्या घालून घेतल्या आणि एक मुखवटा तोंडावर धरून तिला हसवलंही. मी खोलीत गेले तेव्हा शालन त्या उघड्या तोंडांच्या रांगेत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

“वसू, रात झाली की ही समदी माझ्याकडं बघत्यात बघ,” ती म्हणाली. “राजा, आधी विचार, असं म्हणत्यात.” मग स्वतःच हसली. “मावशीकडं जाऊन मी मॅट्रिक होणार. मग नर्स. तुझं नाक मीच टोचणार.”

शनिवारी मैदानात मांडव घातला होता. समितीचे तिघे पाहुणे व्यासपीठावर बसले होते आणि त्यांच्या शेजारी संस्थेचे सभासद म्हणून बापूसाहेब मगदूम. माणूस दोन दिवसांत उतरला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आजवर मी त्यांना सोयीचं म्हणून राक्षस समजायचा फार प्रयत्न केला. पण त्या दिवशी ते मुलीसाठी झुरणारे बाप दिसत होते, आणि होतेही.

प्रार्थना झाली. प्रतिज्ञा झाली. दोघातिघांनी किरकोळ चुका कबूल केल्या, टाळ्या झाल्या, पाहुण्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात बापूसाहेब उठून अण्णांच्या कानाशी काहीतरी बोलले. अण्णांचा चेहरा गंभीर झाला. ते पुढे आले.

“मुलांनो, आपल्या शाळेची शालन मगदूम परवापासून घरी नाही. तिच्या आईने अन्नाचा कण घेतलेला नाही. पोर विहिरीत पडली की कुणी पळवली, काही कळत नाही. ती सुखरूप आहे एवढं तरी कुणाला ठाऊक असेल, तर त्याने सांगावं. आपल्याकडे खरं बोलणाऱ्याला भीती नाही.”

लग्नाचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. बापूसाहेबांनी ते सांगितलं नव्हतं आणि आम्हीही नाही.

मी नववीच्या रांगेत बसले होते. माझ्या आजूबाजूला आमच्या नाटकातल्या मुली होत्या. अण्णा, आधी विचारा, ती घरातून का गेली ते आधी विचारा, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं. ते बोलले असते तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. मी हलले नाही. आईला दिलेला शब्द मी पाळला, आणि आजही मला तो चुकीचा वाटत नाही. काय करायला हवं होतं हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

“त्या माउलीचा जीव टांगणीला लागलाय, बाळांनो,” अण्णा म्हणाले. “कुणीतरी बोला.”

तिसरीच्या रांगेत नंदू उभी राहिली.

दोन वेण्या, लाल रिबिनी. शालननेच सकाळी घातलेल्या.

“मला माहीत आहे,” ती स्पष्ट म्हणाली. “शालनताई आमच्या घरी आहे. मुखवट्यांच्या खोलीत. ती बरी आहे. आईनं तिला भाकरी दिली. तिच्या आईला सांगा, जेव म्हणावं.”

अण्णांचे हात सवयीने टाळीसाठी वर आले होते, ते तसेच हवेत राहिले. पण विद्यार्थी-प्रमुखाला काय कळणार? तो आपलं काम चोख करायचा. तो ओरडला, “शाबासकी!” आणि सगळी शाळा वाजायला लागली. एक दोन, एक दोन तीन. पाहुणेही वाजवत होते. त्यांतल्या एकाने तर डोळे पुसले. नंदूचा चेहरा आनंदाने फुलला होता. तिची पहिली टाळी होती ती.

टाळ्या संपायच्या आत बापूसाहेब व्यासपीठावरून उतरून आमच्या घराकडे निघाले होते.

आई दारात उभी राहिली, तिला त्यांनी हाताने बाजूला केलं. शालन रडली नाही, ओरडली नाही. बापाच्या मागून मैदान ओलांडून चालत आली. तिसरीच्या रांगेपाशी आल्यावर नंदूने तिचा हात धरला.

“ताई, आता तुझी आई जेवेल,” नंदू म्हणाली.

शालनने तिच्या गालाला हात लावला आणि ती पुढे गेली.

त्या दुपारी आमच्या घरात भांड्याला भांडं लागलं नाही. अण्णा झोपाळ्यावर बसले होते, झोपाळा न हलवता. आईने सगळं सांगितलं.

“मला का नाही बोललीस?”

“बोलले असते, आणि मगदुमांनी तुम्हाला समोर विचारलं असतं, तर?”

“तर सांगितलं असतं मी,” ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. आई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. तिने त्यांना दोष दिला नाही. त्यांनीही तिला दिला नाही. भांडले असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं.

रविवारी बाई आणि मावशी आल्या. मगदुमांच्या वाड्याचं दार उघडलं नाही. अण्णा सोमवारी गेले, मंगळवारी गेले. मुलगी अठराची नाही, कायद्याने हे लग्न होत नाही, असं त्यांनी बापूसाहेबांना सांगितलं. बापूसाहेब हात जोडून म्हणाले, “सर, तुमच्या लेकरानं खरं सांगितलं म्हणून माझी पोर गावली. जन्मभर उपकार इसरणार न्हाई. पण आता आमच्या घरचं आमाला बघू द्या.” फौजदारही म्हणाला, लग्न होऊ दे, मग तक्रार द्या. याच सुमारास समितीचा निरोप आला. सत्यवार सगळ्या जिल्ह्यात लागू करायचं ठरलं होतं. तिसरीतल्या त्या मुलीच्या धैर्याचा समितीवर फार परिणाम झाला होता.

गळगली बाईंनी एकदा आम्हाला सांगितलं होतं की त्या जुन्या नाटकांत मरण कधी रंगमंचावर दाखवत नसत. कुणीतरी येऊन सांगायचं. तेव्हा मला ते अगदी बेचव वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी शाळेचे शिपाई दत्तूमामा आमच्या अंगणात आले. टोपी हातात होती. ते पायरीपाशी थांबले, वर आले नाहीत.

“सर,” ते म्हणाले. “मगदुमांची पोरगी गेली. हळदीची समदी तयारी झालीवती. बायका उठवाय गेल्या, तर...” त्यांनी टोपी तोंडावर दाबली. “आई ऊर बडवून घ्यायलीया. बापूसाहेब नुसतं बसल्यात.”

आईने पदर तोंडात कोंबला. नंदू दप्तर पाठीला अडकवून उंबऱ्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

“आई, मग मी खरं बोलले ते?” तिने विचारलं.

आईने तिच्या पाठीवरचं दप्तर काढून घेतलं. पुढे मीही शिक्षिका झाले. मूल्यशिक्षणाच्या पुस्तकाचं काम करणाऱ्या मंडळावर गेले. तिथे दर पाठाखाली तात्पर्याची चौकट असते. दर वेळी कुणीतरी म्हणतं, “मॅडम, चौकट रिकामीच ठेवलीत तुम्ही.” मी म्हणते, राहू दे. मग माझ्या माघारी ती भरली जाते. आणि मला कुठूनतरी हळदीचा वास येतो, उघड्या तोंडांची ती रांग दिसते.

शालन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सत्यवार रद्द करा, असं बाई म्हणाल्या. अण्णा म्हणाले, “नाही. आज मलाच सांगायचंय.”

ते व्यासपीठावर आले तेव्हा छत्री हातात नव्हती. पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले. प्रार्थना झाली. प्रतिज्ञा झाली. कुणाला काही खरं सांगायचंय, असं त्यांनी विचारलं नाही.

“मुलांनो,” ते म्हणाले, “मागच्या शनिवारी मी तुम्हाला एक गोष्ट विचारली. ती का विचारतोय, उत्तर ऐकून कोण काय करणार आहे, हे मी आधी पाहिलं नाही. एका लहान मुलीने मला खरं सांगितलं. तिचं काही चुकलेलं नाही. तिच्या आईचं काही चुकलेलं नाही. चूक विचारणाऱ्याची होती. शालन गेली ती माझ्यामुळे. हे मला तुम्हा सगळ्यांसमोर सांगायचं होतं.”

ते थांबले. पुढे बोलायचं होतं त्यांना. गळगली बाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्या विद्यार्थी-प्रमुखाकडे बघून जोरजोरात मान हलवायला लागल्या. नको, नको.

पण त्याचं लक्ष अण्णांकडे होतं. सरांनी खरं सांगितलं होतं. कुणी खरं सांगितलं की काय करायचं हे त्याला पहिलीपासून शिकवलेलं होतं.

“शाबासकी!” तो ओरडला.

आणि सगळ्या शाळेने, पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत, ठेक्यात, एकही हात न चुकता टाळी वाजवली. एक दोन, एक दोन तीन, एक दोन तीन चार, एक दोन. अण्णा हात जोडून उभे होते, थांबा, थांबा म्हणत. मुलांना वाटलं, सर नमस्कार करताहेत. त्यांनी आणखी एकदा वाजवली.

मी तिसरीच्या रांगेकडे बघितलं. नंदू खाली मान घालून बसली होती. दोन्ही हात तिने मांडीखाली घट्ट दाबून धरले होते.

ती आता आजी झालीय. नातवाच्या वाढदिवसाला केक कापताना सगळे टाळ्या वाजवतात, तेव्हा ती अजूनही तशीच बसते.